सेटिंग बदलताना दर वेळेस दोन तास का जातात? अंबडच्या आमच्या शॉपमधे काय सापडलं ते लिहितोय

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमच्याकडे हेच होतंय का ते लगेच कळेल. व्हीएमसीवरचा (संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन) चालू जॉब संपतो, पुढचा लावायचा असतो, ऑपरेटर मशीन थांबवतो आणि तिथून पुढे मशीन परत कधी सुरू होणार ते कोणालाच सांगता येत नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, "अर्धा तास साहेब". अर्ध्या तासाने जाऊन बघावं तर फिक्स्चर (पीस पकडून ठेवायचा साचा) टेबलवर आलेलं असतं पण बोल्ट पुरे नसतात, बोल्ट मिळाले की एलन की (बोल्ट फिरवायची षटकोनी किल्ली) नसते, ती मिळाली की ड्रिल बोथट निघतं, ड्रिल बदलून पहिला पीस काढला की क्यूसीवाला, म्हणजे पीस तपासणारा, जेवायला गेलेला असतो आणि पीस ओके होईस्तोवर दोन तास गेलेले असतात. कधीतरी झालं तर चालून जातं. पण रोज होत असेल, दोन्ही शिफ्टला होत असेल आणि दर वेळेस कारण नवीन सांगितलं जात असेल, तर ते एकच दुखणं आहे असं समजा.

आमचं युनिट अंबड एमआयडीसीत आहे, लहानच, दोन व्हीएमसी, तीन सीएनसी टर्निंग (संगणकावर चालणारी लेथ) आणि एक जुनं रेडियल ड्रिल. सगळं जॉबवर्क, थोडं ऑटोचं थोडं स्विचगियरचं, नाशकात बऱ्याच जणांकडे असतं तसंच. मी प्रॉडक्शन बघतो, अकरा वर्षं झाली. मी लागलो तेव्हा लॉट मोठे यायचे, हजार-दोन हजार पीस, एकदा सेटिंग लागलं की आठवडाभर त्या मशीनकडे बघायला नको. आता कस्टमर स्टॉक ठेवतच नाही, साठ पीस आज द्या, चाळीस परवा द्या, आणि परवाचे नको उद्याच द्या. म्हणजे पूर्वी आठवड्याला दोन-तीन सेटिंग व्हायची तिथे आता दिवसाला चार होतात, पण सेटिंग करायची पद्धत मात्र त्या हजार पीसच्या काळातलीच राहिली. आमचं मूळ दुखणं इथे होतं, आणि ते कळायला मला दोन वर्षं लागली.

आधी काय काय करून बघितलं

पहिला उपाय ओव्हरटाइमचा. पीस कमी पडले की संध्याकाळी थांबा, रविवारी या. त्याने डिस्पॅच निघायचा पण माणसं दमायची, आणि दमलेला माणूस सेटिंगला अजून वेळ लावतो, त्यामुळे पुढच्या आठवड्यात ओव्हरटाइम अजून वाढायचा.

दुसरा उपाय रागवायचा. मी स्वतः ओरडलोय लोकांवर, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं. आमचे जुने सेटर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात, सिन्नरवरून रोज येतात. एकदा कस्टमरचा माणूस शॉपमधे उभा होता आणि मी त्याच्यासमोर त्यांना म्हणालो, मामा किती वेळ लावता. ते काही बोलले नाहीत, फक्त हातातलं डायल (सरळपणा बघायचं गेज) खाली ठेवलं आणि बोल्ट शोधायला निघून गेले. ते हळू काम करत नव्हते, त्यांना बोल्टच मिळत नव्हता. मशीन थांबलंय की आपल्याला समोर थांबलेला माणूस दिसतो, त्याला जे मिळत नाहीये ते दिसत नाही.

तिसरं म्हणजे आम्ही टूल ट्रॉली आणली, लाल रंगाची, सात ड्रॉवरची. महिनाभरात त्यात चहाचे कप, जुने जॉब कार्ड, तुटके टॅप आणि कोणाचं तरी हेल्मेट. फरशीवर पिवळे पट्टेही मारून झाले. पट्टे मारू नका असं नाही म्हणत, पण ते मारून सेटिंगचा वेळ एक मिनिटही कमी झाला नाही. शेठ तर तिसरी व्हीएमसी घ्यायच्या विचारात होते, कोटेशनसुद्धा आलं होतं.

वही आणि मोबाईल

मग मी एक साधं काम केलं, आणि तुम्हाला सगळ्यात आधी हेच करा म्हणून सांगेन. एक पूर्ण सेटिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभं राहून बघितलं. जुन्या जॉबचा शेवटचा ओके पीस निघाला तिथून नव्या जॉबचा पहिला ओके पीस निघेपर्यंत, हा एवढा वेळ म्हणजे सेटिंगचा वेळ. ऑपरेटर बोल्ट घट्ट करतो तेवढाच वेळ मोजू नका, नाहीतर आकडा पंचवीस मिनिटं येईल आणि वाटेल सगळं बरं चाललंय.

मोबाईलवर व्हिडिओ काढला, पण आधी मामांना आणि हेल्परला विचारून. त्यांना स्पष्ट सांगितलं की हे तुमची चूक काढायला नाही, तुम्हाला काय मिळत नाही ते शेठला दाखवायला आहे, आणि व्हिडिओ आधी तुम्ही बघायचा, मग मी. हे पाळणं फार गरजेचं आहे. एकदा का माणसाला वाटलं की आपल्यावर पाळत ठेवलीये की तो कॅमेऱ्यासमोर वेगळं काम करतो आणि तुमच्या हातात खोटा आकडा येतो.

त्या दिवशीचा हिशोब असा निघाला. एकूण ११८ मिनिटं. त्यातली मशीनवर प्रत्यक्ष हाताने केलेल्या कामाची ३४. शोधण्यात आणि चालण्यात ४१. वाट बघण्यात २९, त्यात सगळ्यात जास्त क्यूसीची. आणि ऑफसेट, म्हणजे फिक्स्चर आणि टूल नेमकं कुठे आहे त्याचे मशीनला द्यायचे आकडे, परत परत घेऊन पीस साइजमधे आणण्यात १४. मी हे आकडे मामांना दाखवले तर ते बराच वेळ वहीकडे बघत राहिले आणि म्हणाले, म्हणजे मी सव्वा तास नुसता फिरतोय आणि थांबतोय.

बाकीचं सोडा, नुसतं शोधणं आणि वाट बघणं धरलं तरी एका सेटिंगला ७० मिनिटं, दिवसाला चार सेटिंग म्हणजे ४ तास ४० मिनिटं मशीन उभं. आमचा मशीनचा तासाचा रेट ४०० धरतो आम्ही, तर महिन्याच्या २६ दिवसांत ४८ हजारांच्या वर रक्कम जाते. हे गणित शेठसमोर ठेवल्यावर तिसऱ्या मशीनचं कोटेशन बाजूला राहिलं. तुम्हीही आकडा रुपयात सांगा, मिनिटात सांगितला तर मालक लोक मान हलवतात आणि विसरतात.

एलन की

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो कारण बाकीचं सगळं याच्यातच दिसतं. व्हिडिओत १० मिमीची एलन की शोधायला ११ मिनिटं गेली होती. आता ही की शंभर-सव्वाशे रुपयांची वस्तू. मी विचारत गेलो. की जागेवर का नव्हती? सेकंड शिफ्टच्या ऑपरेटरच्या लॉकरमधे होती. त्याने लॉकरमधे का ठेवली? कारण बाहेर ठेवली की फर्स्ट शिफ्टवाले नेतात. ते का नेतात? कारण त्यांची हरवलीये. मग नवीन का नाही मागितली? मागितली होती, स्टोअरने सांगितलं मागच्याच महिन्यात दिलीये. स्टोअरवाला खोटं बोलत नव्हता, त्याने खरंच दिली होती, आणि ती की पण कोणाच्या तरी लॉकरमधेच होती.

सगळ्यांचे लॉकर उघडायला लावले नाहीत, तो अपमान झाला असता. फक्त सांगितलं की शनिवारी संध्याकाळपर्यंत सगळी हत्यारं मधल्या टेबलवर आणून ठेवा, कोणी विचारणार नाही कुठून आली. १० मिमीच्या सात किया निघाल्या! सहा मशीनच्या शॉपमधे सात, आणि रोज माणसं एक शोधत फिरत होती. लोक हत्यार लपवतात ते चोर असतात म्हणून नाही, उद्या आपल्याला मिळणार नाही याची खात्री असते म्हणून लपवतात. प्रत्येक मशीनला स्वतःची एक, साखळीने न बांधता खिळ्याला अडकवलेली, मागे किल्लीचा आकार पेंटने काढलेला, एवढं केल्यावर पंधरा दिवसांत लपवणं आपोआप थांबलं.

मग दुसरी पायरी, ती मामांच्या डोक्यातली. ते म्हणाले तीन साइजच्या किया लागतातच कशाला. आमच्या फिक्स्चरना एम८, एम१० आणि एम१२ असे मिश्र बोल्ट होते, त्यांना अनुक्रमे ६, ८ आणि १० मिमीची एलन की लागते. जिथे जागा होती तिथे टेबलला बांधायचे सगळे बोल्ट एम१२ केले. आता फिक्स्चर बांधायला एकच की.

आणि बोल्टची लांबी. हे मला कधी सुचलंच नव्हतं. एम१२ चा नेहमीचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.७५ मिमी असतो, म्हणजे बोल्ट ३५ मिमी जास्त लांब असेल तर वीस फेरे जास्त फिरवायचे, सहा बोल्टचे एकशेवीस, आणि काढताना परत तेवढेच. बोल्ट पकडतो शेवटच्या फेऱ्यात, आधीचे सगळे फेरे नुसते हाताचे. आम्ही बोल्ट मोजून योग्य लांबीचे घेतले, पण सांभाळून, आट्यांची पकड बोल्टच्या व्यासाच्या एक ते दीड पट राहिलीच पाहिजे, एम१२ ला साधारण १२ ते १८ मिमी. त्याच्या खाली जाऊ नका, कटिंगच्या वेळी फिक्स्चर सुटलं तर मिनिटं वाचवायच्या नादात माणूस जखमी होईल.

मशीन थांबायच्या आधी काय, थांबल्यावर काय

हे आमचं डोकं नाही, जपानमधे शिगेओ शिंगो नावाचे इंजिनियर होते त्यांनी हे मांडलेलं आहे. १९५० साली हिरोशिमात माझदाच्या कारखान्यात ते प्रेसचं डाय बदलताना बघत होते. एका कामगाराला माउंटिंगचा एक बोल्ट मिळेना, तासाच्या वर तो फिरत राहिला आणि शेवटी दुसऱ्या डायचा लांब बोल्ट आणून, कापून, आटे पाडून त्याने काम भागवलं. तेवढा वेळ प्रेस बंद. शिंगोंनी विचारलं की आता ज्याचा बोल्ट आणला त्याला उद्या काय लावणार. हे वाचलं तेव्हा अंगावर आलं, इतकं ते आमच्या शॉपसारखं होतं. तिथून त्यांनी कामाचे दोन भाग पाडले, मशीन थांबल्याशिवाय करताच येत नाही ते काम एकीकडे, आणि मशीन चालू असताना करून ठेवता येतं ते दुसरीकडे. पुढे १९६९ साली टोयोटात हजार टनी प्रेसचं चार तासांचं सेटिंग त्यांनी आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणलं. तीन मिनिटांचा आकडा आपल्यासाठी नाही, आपल्याकडे ती साधनं नाहीत. पण दोन भाग पाडायला पैसे लागत नाहीत, एक वही पुरते.

आम्ही रविवारी चहा घेऊन बसलो, मामा, दोन्ही शिफ्टचे ऑपरेटर, हेल्पर, क्यूसीवाला आणि मी. व्हिडिओतलं एकेक काम लिहिलं आणि पुढे खूण केली. फिक्स्चर रॅकवरून आणणं, आधी होतं. त्याची बूड पुसून बर (धातूचे बारीक उंचवटे) काढणं, आधी. ड्रिल-टॅप काढून धार बघणं, आधी. कोलेटमधे (टूल पकडायची चिमट्यासारखी पकड) टूल बांधणं, आधी. प्रोग्राम आणि ड्रॉइंग काढणं, गेज काढणं, रॉ मटेरियलचे पीस मशीनजवळ आणणं, सगळं आधी. जुनं फिक्स्चर उतरवणं, टेबल पुसणं, नवीन बसवणं, ऑफसेट तपासणं, पहिला पीस काढणं, एवढंच मशीन थांबल्यावर. अठ्ठावीस कामांतली एकोणीस आधी करण्यासारखी निघाली आणि आम्ही ती सगळी मशीन बंद करून करत होतो.

त्यातून आला तो डबा. प्रत्येक रिपीट जॉबला एक निळा प्लॅस्टिकचा क्रेट, त्यात त्या जॉबचे बोल्ट, क्लॅम्प, टी-नट, लागणारी टूल होल्डरसकट, प्लग गेज, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला लॅमिनेट केलेला कागद. कागदावर फिक्स्चर टेबलवर बसलेला फोटो आणि यादी. फोटो फार कामाचा आहे, नवीन पोराला शंभर शब्द वाचायला लावण्यापेक्षा एक फोटो बरा. यादी मात्र मी नाही लिहिली, मामांनी सांगितली आणि सेकंड शिफ्टच्या मुलाने लिहिली. मी ऑफिसात बसून लिहिली असती तर त्यात कॉपर हॅमर आणि टेबल पुसायचं कापड नक्की राहिलं असतं, कारण ते मला लागत नाही, त्यांना लागतं.

चालू जॉबचे शेवटचे दहा पीस राहिले की ऑपरेटर हेल्परला आवाज देतो, हेल्पर पुढचा डबा मशीनजवळ आणतो आणि यादीवर बोट ठेवून तपासतो. याच वेळी क्यूसीलाही फोन जातो. पूर्वी पीस निघाल्यावर क्यूसीला शोधायचो, आता पीस निघतो तेव्हा तो गेज घेऊन बाजूला उभा असतो. वाट बघण्याची २९ मिनिटं होती ती याच एका फोनने सहा-सातवर आली, आणि खर्च काहीच नाही. तुमच्याकडे आज संध्याकाळी एकच गोष्ट सुरू करायची असेल तर ही करा.

ऑफसेटचं थोडं टेक्निकल आहे, ज्यांना नको त्यांनी पुढे जा. आमच्याकडे दर वेळेस डायल लावून फिक्स्चर सरळ करायचो, मग एज फाइंडरने एक्स-वाय घ्यायचो. आता टेबलवर एक बेस प्लेट कायमची बसवलीये, तिला दोन डॉवेल पिन, एक गोल आणि एक डायमंड, म्हणजे दोन भोकांच्या अंतरात थोडा फरक असला तरी फिक्स्चर अडकत नाही पण जागा तीच मिळते. फिक्स्चर ठेवलं की ते सरळच बसतं आणि जी५४ चे, म्हणजे फिक्स्चरच्या जागेचे, आकडे दर वेळेस तेच. ते आकडे प्रोग्रामच्या सुरुवातीलाच जी१० या कमांडने भरतो, म्हणजे हाताने टाइप करताना उलटसुलट व्हायला नको. टूलची उंचीही बाहेरच मोजतो, ग्रॅनाइट प्लेटवर बीटी४० चा टेपर असलेला ब्लॉक ठेवून हाइट गेजने, मास्टर टूलशी फरक काढून. प्रीसेटर (टूल मशीनबाहेर मोजायचं यंत्र) असेल तर उत्तमच, आमच्याकडे नाही. आणि फेस मिल, स्पॉट ड्रिल, नेहमीची तीन-चार ड्रिलं ही मॅगझिनमधून काढतच नाही, त्यांचे नंबर सगळ्या प्रोग्राममधे सारखे केले.

दोन काळज्या मात्र घ्या. मशीनला ठोकर लागली असेल, सर्व्हिसिंग झालं असेल किंवा बेस प्लेट हलवली असेल तर आकड्यांवर विश्वास न ठेवता डायल परत लावा. आणि पहिला पीस कितीही घाई असली तरी सिंगल ब्लॉक (प्रोग्रामची एकेक ओळ चालवत), रॅपिड (न कापतानाचा वेग) कमी करूनच. क्लोज टॉलरन्सचा बोअर असेल तर आम्ही आजही डायलनेच सेंटर घेतो, तिथे पाच मिनिटं वाचवायला जात नाही.

परत बिघडलं तेव्हा

पहिल्या महिन्यात सेटिंग सरासरी चाळीस मिनिटांवर आलं. सगळे खूश. सातव्या आठवड्यात परत दीड तास. हे तुमच्याकडेही होणार, म्हणून घाबरू नका, पण कुठे बघायचं ते सांगतो.

आमच्याकडे डबे अपुरे यायला लागले होते. जॉब संपल्यावर डबा परत भरायची जबाबदारी कोणाचीच नव्हती, ज्याला पुढचा जॉब लावायची घाई तो जुनं सामान डब्यात कोंबून रॅकवर टाकायचा, आणि बोथट झालेलं ड्रिल तसंच आत जायचं. पंधरा दिवसांनी तोच जॉब आला की डबा उघडल्यावर दुःख. आता नियम असा की जॉब चालू झाल्यावर पहिल्या सायकलमधे, म्हणजे मशीन कापत असताना, जुना डबा भरायचा, बोथट टूल वेगळ्या लाल ट्रेमधे टाकायचं आणि डब्याला हिरवी पट्टी लावायची. हिरवी पट्टी नसलेला डबा रॅकवर चढत नाही. लाल ट्रे रोज संध्याकाळी स्टोअरला जातो. यापूर्वी ऐन वेळी एक इन्सर्ट (टूलची बदलायची धारेची टिकली) नाही म्हणून हेल्परला अंबड लिंक रोडने सातपूरला पिटाळायचो, भर पावसात, तो येईपर्यंत मशीन उभं. गेल्या चार महिन्यांत तसं एकदाच झालं.

दुसरं कारण शिफ्ट बदल. साडेतीनला सेटिंग अर्धवट असलं की फर्स्टवाला हात धुऊन निघायचा आणि सेकंडवाला त्याच्यावर भरवसा नाही म्हणून सगळं सोडून पहिल्यापासून करायचा. यात कोणाचीच चूक नाही, मी असतो तर मीही तेच केलं असतं. आता यादीवरच टिक करत जायचं आणि किती बोल्ट टाइट झाले ते पेनने लिहायचं, आणि दहा मिनिटं दोघांनी एकत्र उभं राहायचं. या दहा मिनिटांचे पैसे द्या, फुकट थांबवू नका. फर्स्टमधला एक मुलगा घोटीचा आहे, त्याची ठरलेली बस चुकली की घरी जायला अंधार होतो. आम्ही दोन्ही शिफ्टची वेळ दहा मिनिटं एकमेकांवर घेतली आणि त्याला त्याच्या बसपुरतं आधी सोडतो, त्याच्या जागी मामा थांबतात.

तिसरं कारण ड्रॉइंग. एकदा डब्यात जुन्या रिव्हिजनचं ड्रॉइंग राहिलं आणि चाळीस पीस एका भोकाच्या जागेत गेले, सगळे रिजेक्ट. सेटिंग बत्तीस मिनिटांत झालं होतं त्या दिवशी, त्याचा काय उपयोग. तेव्हापासून डब्यात ड्रॉइंग ठेवतच नाही. ड्रॉइंग जॉब कार्डासोबत ऑफिसमधूनच येतं, त्यावर त्या दिवशीची तारीख आणि सही, आणि प्रोग्रामच्या पहिल्या ओळीतला रिव्हिजन नंबर ऑपरेटर ड्रॉइंगशी ताडून मोठ्याने वाचतो. लाइट जाऊन आल्यावरही तेच, आधी होम पोझिशन, मग हे वाचन, मग सायकल.

तुमच्याकडे कुठे अडलंय ते वहीच्या आकड्यांवरूनच ठरवा. शोधणं-चालणं जास्त असेल तर आधी डबा आणि हत्यारांच्या जागा, मशीन-फिक्स्चरवर पैसे घालू नका. वाट बघणं जास्त असेल तर फोन आणि क्यूसीचं टाइमटेबल. ऑफसेट घेण्यात वेळ जात असेल तरच बेस प्लेट आणि डॉवेलच्या मागे लागा, त्याला खर्च आहे. आणि हाताचं कामच जास्त निघालं तर बोल्टची संख्या, लांबी आणि क्लॅम्प बघा. आम्ही उलटं केलं असतं, आधी बेस प्लेट बनवली असती, तर चौदा मिनिटांतली दहा वाचली असती आणि सत्तर तशीच राहिली असती. आणि सगळे जॉब एकदम घेऊ नका, आम्ही सुरुवातीला फक्त चार जॉबचे डबे केले, जे सगळ्यात जास्त वेळा येतात ते, बाकीचे हळूहळू. आज छत्तीस आहेत.

आता रिपीट जॉबला सरासरी पस्तीस मिनिटं लागतात, सगळ्यात कमी बावीस झालंय, तेही मामांनीच केलं. रविवारचा ओव्हरटाइम गेल्या दोन महिन्यांत एकदाच लागला. मी त्या दिवशी कस्टमरसमोर जे बोललो होतो त्याची मामांकडे माफी मागितली, सगळे होते तेव्हाच मागितली, कारण बोललोही सगळ्यांसमोरच होतो.

एक जॉब अजून सुटलेला नाही. कास्टिंगच्या हाउसिंगचं फिक्स्चर आहे, दोघांना उचलत नाही, चेन ब्लॉक (साखळीने जड वस्तू उचलायची कप्पी) लागतो, आणि चेन ब्लॉक एकच, तो टर्निंगवाल्यांकडेही लागतो. त्याचं सेटिंग अजून एक तास दहा मिनिटांवर अडलंय, त्यातली पंचवीस मिनिटं नुसती चेन ब्लॉक मोकळा व्हायची वाट. मामांचं म्हणणं आहे की टेबलच्या उंचीची, वर रोलर बसवलेली एक ट्रॉली बनवायची, फिक्स्चर आधीच तिच्यावर चढवून ठेवायचं आणि मशीन थांबलं की सरकवून आत घ्यायचं. अँगल आणि रोलर आणून ठेवलेत, या रविवारी वेल्डिंगला बसतोय. ट्रॉली आणि टेबलमधे फट राहू नये आणि सरकवताना ट्रॉली मागे जाऊ नये यासाठी लॉक कसं करायचं त्यावर अजून एकमत झालेलं नाही, कोणी असं केलं असेल तर तुमच्या लॉकचा फोटो नक्की दाखवा.